सकाळी सातची बैठक

कोल्हापूरला राजारामपुरीतल्या एका लहान हॉस्पिटलात मी एकवीस वर्षं नर्स होते. बारा खाटांचा वॉर्ड. त्यातल्या भिंतीकडच्या दोन खाटा बहुतेक वेळा दारूच्या पेशंटना जायच्या. पोट फुगलेली, डोळे पिवळे पडलेली, पाण्याचा पेलाही हातात धरता न येणारी माणसं. सलाईन लागायचं, इंजेक्शनं व्हायची आणि आठ-दहा दिवसांत माणूस उठून बसायचा. दाढी करायचा, बायकोला "जेवलीस का" म्हणून विचारायचा. मग डिस्चार्ज. दोन-तीन महिने गेले की तोच माणूस, तीच बायको, कपड्यांची तीच पिशवी.

शिरोळकडचे एक ट्रॅक्टर ड्रायव्हर असे चौथ्यांदा दाखल झाले होते. पन्नाशीला आलेला, उंच, भरदार आवाजाचा माणूस. उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या कारखान्यावर नेण्यात आयुष्य गेलेलं. डिस्चार्जच्या दिवशी त्यांच्या गोळ्या पिशवीत घालताना मी दर वेळचं वाक्य बोलले, "आता पुन्हा इथं तोंड दाखवू नका बघा."

ते बनियनची घडी घालत होते. मान वर न करता म्हणाले, "सिस्टर, तुमी बरं करताय, खोटं न्हाय. पर बरं करून सोडताय कुठं? जितनं आणलं तितंच की."

मी कागदावर त्यांची सही घेतली. ते गेले. मी पुढच्या पेशंटचं सलाईन बदललं, पण दिवसभर ते बोलणं डोक्यात राहिलं.

माझे वडील प्यायचे. आमचं घर बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धम्म स्वीकारला तेव्हापासून घरात संध्याकाळी वंदना व्हायची. वडील आम्हा भावंडांना समोर बसवून पंचशील म्हणायचे. चार शीलं खणखणीत आवाजात, आणि पाचवं, दारूबद्दलचं, ओठांतल्या ओठांत. पाचवं शील मनातच म्हणायचं असतं असा माझा कितीतरी वर्षं समज होता. ते गेले तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्यांच्याशी त्याबद्दल कुणी बोललं नाही. मीही नाही. वाटेत बैल बसला असावा तसे आम्ही सगळे त्या विषयाला वळसा घालून घरात वावरायचो.

पंधरा दिवसांनी ड्रायव्हर तपासणीला आले, न पिता आले. मी त्यांना बाकड्यावर बसवलं आणि विचारलं, "मग कुठं सोडायचं तुम्हाला?"

त्यांना आधी कळेना. मग आठवलं. "सोडूच नका," ते म्हणाले. "बोलवा. रोज बोलवा. माझ्यासारखं अजून दोघं-चौघं आलं तर बोलत बसू."

"संध्याकाळी सहाला?"

ते हसले. "संध्याकाळी कशाला? संध्याकाळी हौसंनं पितात, सिस्टर. ज्येला लागती त्यो सकाळी उठल्या उठल्या शोधतो. दुकान उघडायच्या आदी आपलं दार उघडं पायजे."

माझी ड्यूटी नऊला असायची. सात ठरलं.

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर एक बंद पडलेला कोचिंग क्लास होता. जागामालक आमच्या डॉक्टरांचे जुने पेशंट. "रिकामीच हाय, वापरा," म्हणाले. फळ्यावर अर्धवट सोडवलेलं बीजगणित होतं आणि कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांचा ढीग. डॉक्टरांनी एवढंच बजावलं, "रोज पिणारा माणूस एकदम दारू तोडून आला, तर आधी माझ्याकडे. बोलणं नंतर."

ड्रायव्हर तेव्हा कोल्हापुरात बहिणीकडे राहून टेम्पो चालवायला लागले होते. पहिल्या दिवशी आम्ही दोघंच. मी वीस खुर्च्या मांडल्या होत्या. साडेसात वाजले. मी म्हटलं, "उद्या बघू."

"उद्या कशाला? चालू करू की."

"कुणासमोर?"

"तुमी हाय की."

आणि ते उभे राहिले. कालचा दिवस कसा गेला ते त्यांनी एकोणीस रिकाम्या खुर्च्यांना आणि मला सांगितलं. दुपारी एका गिऱ्हाइकानं सामान उतरवताना बाटली पुढे केली, तेव्हा हात खिशात घालून उभा राहिलो, म्हणाले. "हात खिशात असला की घेता येत न्हाय. येवढंच केलं." मग खाली बसले. मी माझ्या वडिलांबद्दल बोलले. आयुष्यात पहिल्यांदा. बोलून झाल्यावर ते म्हणाले, "बरं झालं. आता उद्याचं बगू."

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी एक गवंडी जिन्यात उभा दिसला. वर यावं की नाही या विचारात पाय एका पायरीवर, हात कठड्यावर. ड्रायव्हर दारातनंच ओरडले, "या की पावणं, हितं काय लगीन न्हाय, आहेर लागत न्हाय!" तो आला. मग त्याच्याबरोबर काम करणारा एक. मग एका शाळेतला शिपाई, एक दूधवाला, एक निवृत्त फौजदार.

सगळं गोडीत चाललं असं नाही. पहिलाच गवंडी, बैठकीला येऊन आठवडा झाला असेल, बोलता बोलता थांबला, मान एका बाजूला वळली आणि खुर्चीसकट खाली गेला. झटका. मी त्याला कुशीवर घेतलं, तोंडातला फेस पुसला, आणि शिपाई पळत जाऊन डॉक्टरांना घेऊन आला. नंतर कळलं, आमच्यासमोर मान ताठ राहावी म्हणून त्यानं दोन दिवस थेंबही घेतला नव्हता, आणि डॉक्टरांकडे धाडतील म्हणून आम्हाला मात्र "थोडी थोडी चालू हाय" असं सांगत होता. एकदम सोडणं किती धोक्याचं, हे मला ठाऊक होतं. मी त्याचे थरथरणारे हात बघितले होते, विचारलं मात्र नव्हतं. तो वाचला. पण त्या दिवसापासून नवीन माणसाला आधी डॉक्टर, मग खुर्ची, असा नियम झाला, आणि तो आम्ही कुणासाठीही मोडला नाही.

वर्षभरात खोली अपुरी पडायला लागली. शिवाय ज्यांना घरी राहून जमत नव्हतं त्यांची सोय हवी होती. शहराबाहेर उसाच्या रानाला लागून एका गावात दूध संकलनाची बंद इमारत होती. ती गावानं दिली, पण त्याआधी तीन वेळा नाही म्हटलं. "बेवड्यांचा अड्डा कशाला गावात?" असं एक म्हातारे सभेत म्हणाले. ड्रायव्हर उठून म्हणाले, "आज्जा, बेवडं गावात हायतच. आमी फक्त एका छताखाली आणतो." लोक हसले. म्हातारेही हसले, आणि पुढच्या सभेत त्यांनीच हात वर केला.

डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊ लागले, रात्रपाळीला एक नर्स मिळाली. कॅन धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून त्या इमारतीची फरशी एका बाजूला उतरती होती. खाटा ठेवल्या की माणूस झोपेत घसरायचा. गवंड्यानं महिनाभर खपून ती सगळी सपाट केली. दहा खाटा, एक स्वयंपाकघर, मागे भाजीचा तुकडा. सकाळी सातची बैठक तिथंही सुरू झाली, राजारामपुरीतलीही चालू राहिली. ड्रायव्हर दोन्हीकडे असायचे. लोक त्यांना बघायला यायचे म्हटलं तरी चालेल. एका गावच्या तालमीनं त्यांचा नारळ-फेटा देऊन सत्कार केला.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात शिरोळ तालुक्यात पूर आला. ड्रायव्हरांच्या गावात कृष्णा शिरली. ते त्याच दिवशी गेले आणि ट्रॅक्टर घेऊन पाण्यात उतरले. म्हाताऱ्या बायका, गाभण म्हशी, शाळेचे कागद, जे जे ट्रॉलीत मावलं ते त्यांनी उंचावर काढलं. नऊ दिवस. रोज एक फोन यायचा, "सिस्टर, हात खिशात हाय," आणि मी इकडे बैठकीत ते सांगायचे. सगळे टाळ्या वाजवायचे.

पाणी उतरल्यावर फोन थांबला.

चार दिवस मी वाट बघितली. बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, "गावाकडंच हाय," आणि पुढे गप्प. मला कळलं. मला त्यांची काळजी वाटायला हवी होती. वाटला तो राग. इतक्या लोकांना मी यांच्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं, बघा, सुटते. आता मी कुणाकडे बोट दाखवू, असा तो स्वार्थी राग होता. तो कमी व्हायला मला आणखी दोन दिवस लागले. मग रजा टाकून एसटीनं शिरोळला गेले.

गावात गाळाचा वास होता. घराच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीला पाण्याची रेघ उमटलेली. ड्रायव्हर अंगणात उकिडवे बसून भांड्यांतला गाळ नारळाच्या शेंडीनं खरवडत होते. मला बघून उठले नाहीत.

"बसा म्हणायला कोरडी जागा न्हाय," म्हणाले.

मी उंबऱ्यावर बसले. बराच वेळ ते एकच पातेलं घासत राहिले.

"पुरात न्हाय प्यालो, सिस्टर," ते शेवटी म्हणाले. "शप्पथ घेतो. पुरात हाकाच इतक्या यायच्या, हिकडं या, तिकडं या. पूर उतरला, माणसं आपापल्या घरात गेली. मी हितं आलो. बगितलं तर ही रेघ. नुसता चिखल. आन् कुणाची हाक न्हाय." त्यांनी पातेलं पालथं ठेवलं. "तवा प्यालो."

"आज?"

"सकाळी. जराशी."

"चला मग. डॉक्टर बसलेत."

"दवाखान्यात येतो. बैठकीला न्हाय. कुठल्या तोंडानं पुढं उभं ऱ्हाऊ?"

"पुढं कुणी उभं राहा म्हटलंय? मागच्या रांगेत खुर्ची आहे."

ते उठले, हात धुतले. मग आत जाऊन त्यांनी शर्ट बदलला. आम्ही एसटीनं निघालो. इचलकरंजी गेल्यावर त्यांना झोप लागली.

सहा दिवस हॉस्पिटलात, तेही त्याच भिंतीकडच्या खाटेवर. सातव्या दिवशी सकाळी ते राजारामपुरीच्या बैठकीत मागच्या रांगेत बसले. त्यांची पाळी आल्यावर बसल्या जागेवरूनच म्हणाले, "नवीन माणूस हाय मी. आज सातवा दिवस." त्यांनी सगळं सांगितलं. पाणी, ट्रॅक्टर, रेघ, बाटली, काही न लपवता. निवृत्त फौजदार चष्मा काढून पुसत बसले होते.

मला भीती होती ती लोक येणं बंद करतील याची. झालं उलटंच. पुढच्या महिनाभरात ज्यांचं येणं कधीच थांबलं होतं अशी सात-आठ माणसं परत जिना चढून आली. एक जण म्हणाला, "ड्रायव्हर पडून परत आलं म्हणं. मग आमाला यायला काय झालं?" तोवर पडलेल्या माणसाला परत येण्याची वाट आमच्याकडे नव्हतीच. आम्ही टाळ्या वाजवायचो, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांसमोर पडलेला माणूस कसा येईल? तेव्हापासून आमच्याकडे टाळ्या नाहीत, सत्कार नाहीत. दिवस सांगायचा, खाली बसायचं.

पुढच्या उन्हाळ्यात बिद्रीकडची एक बाई दूध संकलनाच्या इमारतीतल्या आमच्या केंद्रावर आली. शेतकरी घरातली, चाळिशीची, काठापदराची साडी, हातात डब्याची पिशवी. नवऱ्याच्या दारूबद्दल विचारायचंय म्हणाली. अशा बायका रोजच यायच्या. मी नेहमीप्रमाणे माहिती दिली, नवऱ्याला घेऊन या म्हटलं. ती आठवड्यानं परत आली, एकटीच. पुन्हा प्रश्न. किती घेतली म्हणजे सवय लागली म्हणायचं? सोडताना जीव जातो का? मी उत्तरं दिली. तिसऱ्या वेळी ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सकाळी भांडी घासताना हात कापतो, पेला निसटतो. त्येला काय गोळी असती का?"

मी लिहिता लिहिता थांबले. "भांडी कोण घासतं घरात?"

मागे भाजीला कुणीतरी पाणी सोडत होतं, त्याचा आवाज येत होता.

"नवरा सुपारीचं खांड खात न्हाय, बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "मीच पितो."

आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलतो' असंच बोलतात. माझी आई बोलायची, नर्सिंगला जाईपर्यंत मीही बोलायचे. पण त्या एका 'पितो'नं मला क्षणभर गोंधळात टाकलं. इतकी वर्षं दारूचे पेशंट बघितले आणि समोर बसलेली बाई पेशंट असेल, हे तीन भेटींत माझ्या मनातही आलं नव्हतं.

गर्भपिशवीचं ऑपरेशन झाल्यावर कंबर दुखायची. कुणीतरी झोपताना ब्रँडीचा चमचा घ्यायला सांगितलं. चमच्याचा कप झाला, कपाचा पेला. बाटली पिठाच्या डब्यात असायची. सहा वर्षं. घरात कुणाला पत्ता नाही. सांगताना ती रडली नाही. उलट अंगावरचं ओझं उतरवल्यासारखी सैल बसली, आणि मग म्हणाली, "पाणी द्या की जरा."

तिला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. पण बैठकीचं काय? दहाच्या दहा खाटा पुरुषांच्या, खुर्च्या पुरुषांच्या. मी विषय काढला तर दोघा-तिघांनी मान हलवली. "बायकांचं न्हवं हे," एक जण म्हणाला. "आमाला बोलायला अवघड हुईल."

ड्रायव्हर मागच्या रांगेतनं बोलले, "का? लिव्हर काय फेटा बांधून येती व्हय?"

सगळे हसले. तरी अवघड होतंच, त्यांना नव्हे, तिला. म्हणून बुधवारी दुपारी माझ्या घरी बैठक सुरू केली. बाई दर बुधवारी कोल्हापूरला कशाला जाते, असं घरचे विचारणार, म्हणून दारावर 'शिवणक्लास' अशी पाटी लावली. तिसऱ्या महिन्यात पाच बायका झाल्या. एक शिक्षिका, एक भाजी विकणारी, एक नवी लग्न झालेली. पाटीचा त्रास असा की गल्लीतल्या बायका खरोखरच ब्लाऊज टाकायला यायला लागल्या. शेवटी आईचं जुनं मशीन बाहेर काढलं, भाजीवालीला शिवण येत होतं, तिनं बाकीच्यांना शिकवलं. हात कापायचे थांबले की नाही ते आम्हाला टाक्यांवरून कळायचं.

बिद्रीच्या बाईनं पाचव्या महिन्यात नवऱ्याला सांगायचं ठरवलं. माझ्यासमोरच सांगते म्हणाली. तो आला. पांढरा शर्ट, टोपी, पाय जुळवून खुर्चीच्या कडेवर बसलेला. तिनं दोन वाक्यांत सांगून टाकलं. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला वास कसा आला न्हाय?" तो म्हणाला.

"तुमी जवळ कवा बसता?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. नवरा विचारात पडला, आणि तिनं त्याला पडू दिलं.

पुढच्या बुधवारपासून तोच तिला मोटरसायकलवरून आणायला लागला. तिला सोडून कोपऱ्यावरच्या टपरीशी उभा राहायचा, दोन तास.

आता मी निवृत्त झालेय. दूध संकलनाच्या इमारतीवर एक मजला चढला आहे, वर बायकांच्या सहा खाटा. राजारामपुरीतली सातची बैठक शिपाई आणि फौजदार बघतात. ड्रायव्हर दिवस सांगतात आणि मागच्या रांगेत बसतात, पुढे या म्हटलं तरी येत नाहीत. पहिला गवंडी मागच्या वर्षी लिव्हरनं गेला. चार वर्षं तो प्यायला नव्हता, पण आधीचं नुकसान भरून निघालं नाही. त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून पोचवलं. किती सुटले, असं लोक विचारतात. मी सांगते, आज सकाळी किती आले ते विचारा.

बुधवार मात्र मी सोडलेला नाही. परवाच्या बुधवारी ऊन रणरणत होतं. बैठक चालू असताना दार वाजलं. बिद्रीच्या बाईचा नवरा, टोपीनं वारा घेत उभा. "टपरी बंद हाय," म्हणाला. "जरा आत बसू का? मी कान झाकून बसतो."

मी बायकांकडे बघितलं. त्यांच्यात कुजबुज झाली. शिक्षिका म्हणाली, बसू दे. भाजीवाली म्हणाली, अजिबात न्हाय. नवी आलेली एक घाबरून पदर सावरायला लागली. ते बघून बिद्रीची बाई उठली आणि दाराशी गेली.

"आत न्हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "पायरीवर सावली हाय, तितं बसा. च्या देतो."

तो बसला. तिनं त्याला कपबशी नेऊन दिली, दार लोटून घेतलं आणि येऊन आपल्या जागेवर बसली. "व्हय," ती नवीन आलेलीला म्हणाली, "तू काय सांगत हुतीस?"